चार पुस्तकांची साक्ष

गेल्या कांहीं महिन्यांत आमच्या वाचनांत चार पुस्तकें आलीं. त्यांपैकीं दोन कादंबऱ्या असून दोन आत्मकथनें आहेत. विभावरी शिरूरकर यांची ‘बळी’ ही कादंबरी १९५० सालची. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ ची. लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ १९८० चें, आणि लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ १९८७ चें. यांतील एकही पुस्तक नवें नाहीं व एकही अप्रसिद्ध नाहीं. ‘फकिरा’स १९६१ सालीं राज्य सरकारचें पारितोषिक मिळालें, ‘उपरा’स १९८१ चा व ‘उचल्या’स १९८८ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. मग जीं पुस्तकें सर्वांस ठाऊक आहेत त्यांविषयीं आज आम्ही काय म्हणून लिहावें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, पुस्तकाचें नांव ठाऊक असणें निराळें आणि पुस्तक वाचलेलें असणें निराळें. शिवाय हीं पुस्तकें एकेकटीं वाचणारास प्रत्येकांत एक करुण कथा दिसेल. परंतु एकापाठोपाठ एक वाचून त्यांचा मेळ घालून पाहणारास त्यांत एक खटला दिसूं लागतो. त्या खटल्यांत आपण शहरवासी लोक कोठें उभे आहों, हें वाचकांच्या नजरेस आणून द्यावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपल्याकडे पुस्तकपरीक्षणाची एक ठराविक तऱ्हा पडून गेली आहे. कागद गुळगुळीत, छपाई सुबक, भाषा ओघवती, किंमत माफक. सबब प्रत्येकानें संग्रहीं ठेवावें, एवढें लिहिलें कीं परीक्षकाचें काम झालें! मुलगी पाहावयास गेलेल्या मंडळींनीं रंग, उंची आणि बापाची ऐपत पाहून परत यावें, आणि मुलीच्या मनांत काय आहे हें विचारण्याचें कोणासच सुचूं नये, त्यांतलाच हा प्रकार होय. पुस्तक खरें बोलतें कीं खोटें, बोलतें तें कोणाविरुद्ध बोलतें, आणि वाचून झाल्यावर वाचकानें कांहीं करावयाचें आहे कीं नाहीं, हे तीन प्रश्न परीक्षणांत आले पाहिजेत असें आमचें मत आहे. वकिली करणारास साक्षीपुराव्याची पारख करण्याची संवय लागलेली असते. तीच संवय आम्ही येथें उपयोगांत आणतों.

चारी पुस्तकांचा विषय वरवर पाहतां भिन्न दिसतो. ‘बळी’मध्यें मांगगारुडी आहेत, ‘फकिरा’मध्यें मांग, ‘उपरा’मध्यें कैकाडी, आणि ‘उचल्या’मध्यें तो समाज, ज्याला लोकांनीं त्याच्या धंद्यावरून हें नांव चिकटविलें. परंतु या सर्वांच्या पाठीमागें एकच दस्तऐवज उभा आहे. तो म्हणजे १८७१ सालचा सत्ताविसावा कायदा, अर्थात् गुन्हेगार जातींचा कायदा. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानांत लागू झाला. १९११ सालीं त्याची व्याप्ति वाढून तो मुंबई व मद्रास इलाख्यांवर आला. आणि १९२४ सालीं सर्व दुरुस्त्या एकत्र करून तो पुन्हां नव्यानें मांडला गेला. या कायद्याची रीत मोठी सोपी होती. एखादी जात, टोळी अगर वर्ग गुन्हे करण्यास सरावलेला आहे अशी सरकारची खात्री झाली कीं राजपत्रांत जाहीरनामा निघे. तो निघाला कीं त्या जातींतील माणसांचीं नांवें पटावर चढविण्याचा, त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा, त्यांस ठराविक वेळीं हजेरी द्यावयास लावण्याचा, व परवान्यावांचून त्यांस गांव सोडूं न देण्याचा अधिकार अंमलदारांस प्राप्त होई. पुढें तर सबंध कुटुंबेंच्या कुटुंबें कुंपणाच्या वसाहतींत नेऊन ठेवण्याची, आणि पोरांस आईबापांपासून तोडून निराळ्या शाळांत घालण्याचीही सोय झाली. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग या ठिकाणीं अशा वसाहती होत्या, आणि त्यांतील मजूर गिरण्यांच्या कामीं येत. सर्वांवर कळस असा कीं, मूळ जाहीरनामा बरोबर निघाला कीं चुकीचा, हें पाहण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास नव्हता!

हा कायदा झाल्यावर पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८७२ सालीं, पुराव्याचा कायदा झाला. आमच्या पिढीचे सर्व वकील त्याच कायद्यावर वाढले. २०२४ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली. त्या पुराव्याच्या कायद्याचें एक मूलतत्त्व असें होतें कीं, जो आरोप करील त्यानें तो शाबीत करावा, आणि आरोपी हा स्वभावानें वाईट आहे एवढ्यावरून त्यानें अमुक गुन्हा केला असें मानूं नये. दोन्ही कायदे झाले तेव्हां हिंदुस्थान सरकारचे कायदेविषयक सभासद जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हेच होते. एका हातानें त्यांनीं सभ्य आरोपीसाठीं इतकी उदार सनद लिहावी, आणि त्यांच्याच अमदानींत, एका वर्षाच्या आंत, पाळण्यांतील पोरासाठीं आरोपही नको, पुरावाही नको व न्यायाधीशही नको असा कायदा व्हावा, यापरता मोठा विरोध कायद्याच्या इतिहासांत शोधून सांपडणार नाहीं. इंग्लंडांत १८६९ सालीं सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला होता. पण तो ज्यांस शिक्षा झाली होती अशा व्यक्तींपुरता होता. जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची युक्ति त्यांनीं आपल्या देशांत चालविली नाहीं. ती येथें कां चालली? कारण विधेयकाच्या बाजूनें जो युक्तिवाद करण्यांत आला त्याचें सारच असें होतें कीं, या देशांत सुताराचा मुलगा सुतार व कोष्ट्याचा मुलगा कोष्टी होतो, त्या अर्थीं चोराचा मुलगा चोर होणारच. वाचकहो, हें तत्त्व साहेबानें विलायतेहून आणलें नव्हतें. तें त्यास आमच्याच ओसरीवर सांपडलें. त्यानें फक्त त्यावर सरकारी शिक्का मारला.

आतां एकेक साक्ष पाहूं.

पहिली साक्ष ‘बळी’ची. विभावरी शिरूरकर हें टोपणनांव असून लेखिकेचें खरें नांव मालतीबाई बेडेकर. १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ या पुस्तकानें पांढरपेशा समाजांत जें वादळ उठविलें, त्याची कीर्ति सर्वश्रुत आहे. पुढें त्यांनीं अशा एका सरकारी वसाहतींत काम केलें, आणि तेथें जें पाहिलें त्यांतून ही कादंबरी निपजली. म्हणजे ही साक्ष कुंपणाच्या आंत वावरलेल्या, परंतु संध्याकाळीं कुंपणाबाहेर जाण्याची मोकळीक असलेल्या बाईची आहे. तिचा मोठा गुण असा कीं, वसाहतीच्या व्यवस्थेंत जें जें म्हणून सुधारणेच्या नांवाखालीं चाले, तें कुंपणाच्या तारेवांचून उभेंच राहूं शकत नव्हतें, हें ती शांतपणें दाखविते. शाळा, काम व शिस्त हीं स्वतः वाईट नव्हेत. पण ज्याला सोडून जाण्याचा हक्क नाहीं त्याच्या दारांत आणून ठेवलेली चांगली वस्तुही बेडीच होते. आमच्यांतील ज्या सज्जनांस गरिबांचें कल्याण त्यांना न विचारतां करण्याची फार हौस असते, त्यांनीं ही कादंबरी अवश्य वाचावी. तिच्यांतील उणीव सांगावयाची तर ती एवढीच कीं, येथें दुःख भोगणारा बोलतो तो शिकलेल्या माणसाच्या कणवेंतून गाळून घेतलेल्या शब्दांत. लेखिकेचा प्रामाणिकपणा निर्विवाद आहे. पण साक्ष डोळ्यांनीं पाहिलेल्याची आहे, अंगावर सोसलेल्याची नव्हे.

दुसरी साक्ष ‘फकिरा’ची. अण्णाभाऊ साठे हे वाटेगांवचे. शाळेची पायरी त्यांच्या वाट्यास जवळजवळ आलीच नाहीं, आणि मुंबईंत मजुरी करून व शाहिरी करून त्यांनीं आपली लेखणी घडविली. ही कादंबरी त्यांनीं डॉक्टर आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली आहे. फकिरा हा मांगवाड्यांतील वीर पुरुष. दुष्काळांत आपलीं माणसें अन्नावांचून मरूं लागलेलीं पाहून तो सरकारी खजिना लुटतो, आणि शेवटीं आपल्या लोकांचे प्राण वांचावे म्हणून स्वतः सरकारच्या स्वाधीन होतो. हजेरीचा जाच म्हणजे काय, स्वाभिमानी माणसास चावडीपुढें उभें राहून ‘मी येथें आहें, मीं चोरी केली नाहीं’ असें रोज सांगावें लागणें म्हणजे काय, हें या कादंबरींत जितक्या आवेशानें आलें आहे तितकें कोठें आलेलें आम्ही वाचलेलें नाहीं. सरकारच्या दप्तरीं ज्याचें नांव दरोडेखोर म्हणून लिहिलें गेलें, तो आपल्या गांवच्या दृष्टीनें पोशिंदा असूं शकतो, हा या साक्षीचा मुद्दा आहे, आणि राष्ट्रीय वृत्तीच्या वाचकास तो सहज पटेल. मात्र येथेंच एक धोका आहे. फकिरा इतका मोठा आहे कीं त्याच्या सांवलींत हजेरी देणारा साधा, भित्रा, पोटासाठीं खालीं मान घालणारा माणूस दिसेनासा होतो. शहरांतील वाचक फकिराच्या पराक्रमानें उचंबळून येतो, साहेबास मनसोक्त शिव्या देतो, आणि पुस्तक मिटून सुखानें झोंपतो. न्याय मिळण्यासाठीं माणसानें वीर असलेंच पाहिजे असा नियम नाहीं; तो माणूस असला म्हणजे पुरे.

तिसरी साक्ष ‘उपरा’ची, आणि येथपासून खटल्याचा रंग पालटतो. आतां साक्षीदार पिंजऱ्याबाहेरचा राहत नाहीं. ज्याच्यावर जन्मतः आरोप ठेवण्यांत आला तोच बोलूं लागतो. लक्ष्मण माने हे फलटण तालुक्यांतील निरगुडीचे. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड, गांवाबाहेर पाल, ओढ्याकांठचे फोक तोडून आणावयाचे व त्यांच्या टोपल्या, कणग्या विणून धान्यावर विकावयाच्या, असा त्यांच्या कुळाचा संसार. आपल्या पोरानें शिकावें असा बापाचा हट्ट. पण मुक्काम हालला कीं शाळाही हालली. ज्या मुलाचा गांव दर महिन्यास बदलतो त्यानें पटावर गांवाच्या रकान्यांत काय लिहावें? ‘उपरा’ या एका शब्दांत सबंध प्रश्न सामावला आहे. आपल्या व्यवस्थेंत वतनदारास जागा आहे, बलुतेदारास जागा आहे, फार काय, गांवकुसाबाहेरच्या महारमांगासही अपमानाची कां होईना एक नेमलेली जागा आहे. फिरत्यास मात्र जागाच नाहीं. या पुस्तकाचा आम्हांस विशेष वाटलेला गुण हा कीं, लेखक आपल्या जातीचीही तरफदारी करीत नाहीं. मराठा मुलीशीं लग्न केल्यावर जातपंचायतीनें काय काय केलें, हें त्यांनीं झांकून ठेवलेलें नाहीं. ज्यास गांवानें बाहेर टाकलें, त्या समाजानेंही आपल्यांतील एकास बाहेर टाकावें, हा जातिभेदाचा महिमा पाहून विचारी माणसाची मान खालीं झाल्यावांचून राहत नाहीं.

चौथी साक्ष ‘उचल्या’ची. ही सर्वांत कठीण, कारण येथें साक्षीदार आपल्या घराण्याचा कबुलीजबाब देतो. लातूर तालुक्यांतील धनेगांवचे हे लेखक स्पष्ट सांगतात कीं आमच्यांतले लोक खिसे कापीत. पोरांस तें शिकवीत. आणि पोलिसांचा मार सहन व्हावा म्हणून लहानपणींच त्यांस मार देऊन निबर करीत. पोलीस झोपडींत शिरतात, बायाबापड्यांची अब्रू राखीत नाहींत, आणि चोरीच्या मालांतला वांटाही घेऊन जातात. घरांतील एक पोर शाळेंत जाऊं लागलें, आणि त्याच सुमारास वस्तींतील मुलांस ओकाऱ्या व जुलाब सुरू झाले. तेव्हां आपल्या कुळांत कोणी कधीं शाळा पाहिली नाहीं, ती पाहिल्याचाच हा कोप, असा वडीलधाऱ्यांनीं निवाडा केला. हा प्रसंग वाचून आम्हांस हंसूं आलें नाहीं. आमच्या घरांतून मुलींस शिकविल्यास त्या विधवा होतात असें सांगणारे शास्त्रीपंडित होऊन गेले. त्यांना तर चार वेद येत होते!

या चार साक्षी एकत्र ठेवल्या म्हणजे कादंबरी व आत्मकथन यांच्या कामांतील भेदही ध्यानांत येतो. कादंबरी ही वकिलासारखी आहे. ती पक्षकाराची बाजू नीट मांडते, घटनांस क्रम देते, आणि जेथें पक्षकाराची जीभ अडखळते तेथें ती आपले शब्द पुरविते. तिच्यावांचून खटला उभाच राहत नाहीं, कारण ज्यांचें ऐकावयास कोणी तयार नव्हतें त्यांचें ऐकण्याची संवय लोकांस प्रथम कादंबरीनेंच लावली. परंतु वकिलाच्या भाषणास पुरावा म्हणत नाहींत. पुरावा म्हणजे शपथेवर सांगणाऱ्या माणसाचें बोलणें. आणि उलटतपासणींत स्वतःस अडचणीची ठरणारी गोष्टही जो लपवीत नाहीं, त्याचें बोलणें अधिक विश्वासार्ह मानावें, हा पारखीचा जुना नियम आहे. त्या कसोटीस ‘उपरा’ व ‘उचल्या’ पूर्णपणें उतरतात. तेव्हां ‘बळी’ व ‘फकिरा’ आधीं वाचावींत आणि हीं दोन मागाहून, असा क्रम आम्ही सुचवितों.

आतां जे आक्षेप आमच्या कानीं येतात त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, ‘उचल्या’चा लेखक स्वतःच कबूल करतो कीं त्याचे लोक चोऱ्या करीत, मग सरकारचा कायदा खोटा कसा? या आक्षेपाचें उत्तर आम्ही विशेषेंकरून व्यापारी वाचकांस उद्देशून देतों, कारण या लोकांपैकीं पुष्कळ जण एके काळीं त्यांचे व्यवसायबंधु होते. आगगाडी येण्यापूर्वीं या देशांत धान्य व मीठ कोण वाहून नेई? लमाण-बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे. मोठमोठ्या फौजांची रसद त्यांच्याच पाठीवरून जाई. मद्रास इलाख्यांतील कोरव, ज्यांच्याशीं आमच्या कैकाड्यांचें नातें सांगितलें जातें, तेही मीठ व धान्य यांचा फिरता व्यापार करीत. १८५३ नंतर आगगाडीनें माल नेण्यास आरंभ केला, मिठावर सरकारनें आपली मूठ आवळली, आणि १८६५ व १८७८ च्या कायद्यांनीं जंगलें बंद झालीं. तेव्हां ना ओझें वाहावयास उरलें, ना फोक व बांबू तोडावयास मुभा राहिली, ना शिकार. जमीन तर नव्हतीच. अशा माणसास आधीं धंद्यांतून उठवावयाचें, मग त्याचें नांव चोरांच्या पटावर घालावयाचें, मग परवान्यावांचून दुसऱ्या गांवीं कामास जाऊं द्यावयाचें नाहीं, आणि शेवटीं तो चोरी करतांना सांपडला म्हणजे ‘पाहा, आम्ही म्हणत नव्हतों?’ असें म्हणावयाचें, हा न्याय कोणत्या प्रतीचा? विहिरींत ढकलून दिलेल्या माणसावर अंग ओलें केल्याचा आरोप ठेवण्यासारखाच तो आहे.

शिवाय दुसरी बाजू पाहा. पेठेंत एखाद्या दुकानदाराचें माप खोटें निघालें तर त्या दुकानदारास दंड होतो. त्याच्या आळींतील सर्व दुकानदारांनीं, त्यांच्या बायकामुलांसह, रोज चावडीवर जाऊन हजेरी द्यावी, व पुणें सोडून साताऱ्यास जाण्यापूर्वीं परवाना काढावा, असें कोणी सुचविल्यास पेठेंत केवढा हलकल्लोळ होईल! एखादा वकील पक्षकाराचे पैसे खाऊन बसला तर त्याची सनद जाते. आम्हां सर्व वकिलांच्या बोटांचे ठसे घेण्यांत येत नाहींत. आपल्यापैकीं कोणी अपराध केला तर तो एका माणसाचा अपराध, आणि पालांतल्या माणसानें केला तर तो जातीचा स्वभाव, ही दोन मापें एकाच दुकानांत ठेवणें यास व्यापाराच्या भाषेंत काय म्हणतात, हें आम्ही सांगावयास नको.

दुसरा आक्षेप भाषेचा. या पुस्तकांत शिव्या आहेत, किळसवाणीं वर्णनें आहेत, तीं घरांत मुलाबाळांपुढें कशीं वाचावीं, असें कांहीं सभ्य गृहस्थ म्हणतात. त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, जें जगणें पन्नास पिढ्या कोणी जगत आला, तें ऐकणेंही ज्यांस सोसवत नाहीं, त्यांनीं आपल्या कोमल मनाची थोरवी किती सांगावी? शिळी भाकरी मागून आणून खाणाऱ्या पोराच्या तोंडीं गोविंदाग्रजांची भाषा घातली असती तर ती साक्ष खोटी ठरली असती.

तिसरा आक्षेप सर्वांत सोयीचा आहे. तो म्हणजे, हें सारें इंग्रजांचें पाप. इंग्रज गेले, पाप गेलें. आम्ही स्वराज्याचे अभिमानी आहों, आणि म्हणूनच हें समाधान आम्हांस घेववत नाहीं. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला. मुंबई व मद्रास प्रांतांनीं हा कायदा त्यांतल्या त्यांत लवकर उठविला. केंद्र सरकारनें अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालीं १९४९ सालीं चौकशी समिति नेमली. आणि देशभर हा कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं. म्हणजे लाखों देशबांधवांचें स्वातंत्र्य इतरांच्या मागून पांच वर्षें सोळा दिवसांनीं आलें. तो दिवस हे लोक विमुक्त दिन म्हणून पाळतात. आपल्या शहरांतील किती सुशिक्षितांस ही तारीख ठाऊक आहे? पुढें काय झालें तेंही पाहा. जातीचा कायदा गेला, पण राज्याराज्यांतून सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ सालचा. त्यांतून जातीचें नांव गळालें हें खरें. पण पट, हजेरी आणि वहीम हीं तींच राहिलीं. कित्येक राज्यांच्या तुरुंगांच्या नियमांत तर भटक्या व विमुक्त जातींच्या कैद्यांस जन्मावरून सराईत मानण्याची भाषा तशीच शिल्लक होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सुकन्या शांता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें निर्णय देऊन ती घटनाबाह्य ठरविली, व तुरुंगांच्या वह्यांतील जातीचा रकाना काढून टाकावा असें फर्माविलें. १८७१ पासून २०२४ पर्यंत एकशें त्रेपन्न वर्षें झालीं. इंग्रज यांतील शहात्तर वर्षें येथें होते. उरलेलीं सत्याहत्तर वर्षें आमचीं आहेत.

आणि कायद्याच्या पुस्तकांतून जें गेलें तें मनांतून गेलें काय? आळींत चोरी झाली कीं पहिला संशय माळावरच्या पालांवर जातो. भाड्यानें खोली मागावयास आलेल्या माणसानें आडनांव सांगितलें कीं खोली एकाएकीं ‘दिलेली’ असते. पारध्याचें पोर वर्गांत बसलें कीं शेजारच्या मुलाचें दप्तर त्याची आई जवळ ओढावयास सांगते. येथें साहेब कोठें आहे? हा जाहीरनामा कोणत्या राजपत्रांत निघाला? तो आपल्याच ओठांतून रोज निघतो, आणि १८७१ च्या जाहीरनाम्याप्रमाणें त्यावरही कोणत्या न्यायालयांत दाद मागतां येत नाहीं.

मग करावयाचें काय? नुसतें हळहळून चालणार नाहीं. ज्या नगरवाचनालयाचे आपण सभासद आहों तेथें हीं चार पुस्तकें आहेत कीं नाहींत हें प्रथम पाहावें. नसल्यास तीं मागवावयास लावावींत, व असल्यास तीं कपाटांतून बाहेर निघतात कीं नाहीं याचीही चौकशी करावी. दुकानदारांनीं व कारखानदारांनीं माणूस नेमतांना त्याच्या कामाची परीक्षा घ्यावी, आडनांवाची घेऊं नये. आणि चोरी झाल्यास फिर्याद लिहून देतांना जें डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच लिहावें, ज्या जातीचा वहीम येतो तिचें नांव लिहूं नये. असें एक नांव कागदावर आलें कीं त्याखालीं कितीजणांच्या पाठी सोलून निघतात, हें ‘उचल्या’ वाचणारास सांगावें लागणार नाहीं. वकीलबंधूंस आम्ही असें विनवितों कीं, १९८७ च्या कायद्यानें अटकेंतील माणसास मोफत कायदेविषयक मदतीचा हक्क दिलेला आहे. तो कागदावरचा हक्क कोठडीपर्यंत पोंचविणें हें आपल्या धंद्याचें काम आहे. आणि सरकारकडे मागणी करावयाची ती ही कीं, ज्या कायद्यानें शाबीत झालेल्या गुन्ह्यावांचून माणसास पटावर धरून ठेवतां येतें, तसल्या कोणत्याही कायद्यास स्वतंत्र देशांत जागा नसावी.

महाराष्ट्रांत आज विमुक्त जाति म्हणून चौदा जातींची यादी आहे. ‘विमुक्त’ या शब्दाचा अर्थ सोडून दिलेला. सरकारनें त्यांस सोडून दिलें याला सत्तरांहून अधिक वर्षें झालीं. समाजानें सोडावयाचें अद्याप राहिलें आहे. तें काम कोणत्याही कायदेमंडळाच्या ठरावानें होणारें नाहीं. तें दिवाणखान्यांत, दुकानाच्या गादीवर व शाळेच्या बांकावर व्हावयाचें आहे, आणि तें करणारांनीं ज्यांच्याविषयीं निकाल दिला त्यांचें म्हणणें एकदां तरी ऐकून घेतलेलें असावें, एवढी अपेक्षा कोणत्याही न्यायी माणसास रास्त वाटेल. तें म्हणणें या चार पुस्तकांत छापून तयार आहे.